गाठीविना सौदा

१८६७ साली वर्ध्याच्या आयुष्यात दोन गोष्टी आल्या. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा वर्धा ओलांडून नागपूरला पोचला, आणि त्याच वर्षी सरकारने सार्वजनिक जुगाराचा कायदा केला. तो ज्या प्रांतांना लागू झाला त्यांत मध्यप्रांतही होता, आणि वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. कायद्याचा रोख जुगाराच्या अड्ड्यांवर होता. निव्वळ कौशल्याचे खेळ त्याने वगळले होते. रेल्वे आणि तिच्यासोबतची तार मात्र वेगळ्याच कामाला आली होती. तिला कापूस न्यायचा होता.

हिंगणघाटचा कापूस तोवर लिव्हरपूलला पोचला होता. तिथल्या भावपत्रकात ‘हिंगणघाट’ ही एक स्वतंत्र प्रत होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस अडला, तेव्हा इकडचे भाव आभाळाला भिडले. युद्ध संपताच ते कोसळले. वर्ध्याच्या शेतकऱ्याने नांगर धरला त्या दिवशी जो भाव होता, तो वेचणीला राहील की नाही, हे आता सातासमुद्रापार ठरत होतं. ही जोखीम कुणी मागून घेतली नव्हती. ती पिकासोबतच आली.

वायदेबाजार या जोखमीतून उभा राहिला. पुढे पडणाऱ्या भावाची भीती असलेला आजच माल विकून टाकतो, पुढे चढणाऱ्या भावाची भीती असलेला आजच घेऊन ठेवतो. दोघांच्या मध्ये तिसरा उभा असतो. त्याला कापूस नको असतो, भावातला फरक हवा असतो. तोच सटोडिया. तो नसेल तर पहिल्या दोघांना हव्या त्या वेळी समोरचा गिऱ्हाईक सापडत नाही, म्हणून बाजार त्याला सहन करतो. कायद्याने इथे एक बारीक रेघ ओढली. १८७२ च्या करार कायद्याचं तिसावं कलम पैजेचा करार निरर्थक ठरवतं. मग सौदा आणि पैज यांत भेद कसा करायचा? न्यायालयं दोन्ही पक्षांचा हेतू पाहू लागली. माल द्यायचा-घ्यायचा होता, की दोघांनाही सुरुवातीपासून फक्त फरकाचे पैसे मोजायचे होते?

मुंबईत ही रेघ कधीच पुसली गेली होती. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांच्या आकड्यांवर तिथे पैसे लागत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आकडे यायचे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरू लागले. त्याचं नाव मटका. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तसेच राहिले, त्यांतून कापूस तेवढा गेला.

आजचं ऑनलाइन बेटिंग एक्सचेंज याच घराण्यातलं आहे. २००० साली लंडनमध्ये ‘बेटफेअर’ सुरू झालं. त्याआधी बुकी स्वतः भाव काढायचा आणि गिऱ्हाइकाच्या विरुद्ध स्वतः उभा राहायचा. बेटफेअरने बुकीला मधून काढलं आणि शेअर बाजारासारखी दोन माणसं समोरासमोर आणली. एक म्हणतो भारत जिंकेल, दुसरा म्हणतो जिंकणार नाही. आपल्याकडच्या सट्ट्याच्या भाषेत पहिल्याची ‘लगाई’, दुसऱ्याची ‘खाई’.

समजा, नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या जामठ्याच्या मैदानात सामना आहे आणि भारताचा भाव ८० पैसे आहे. एकाने हजार रुपये लावले. भारत जिंकला तर त्याला ८०० मिळतील, नाहीतर हजार जातील. खाणाऱ्याचं बरोबर उलट. एक्सचेंज दोघांचे मिळून १८०० रुपये आधीच अडकवून ठेवतं आणि निकालानंतर जिंकणाऱ्याच्या नफ्यातून अडत कापतं. कोण जिंकलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

खरी गंमत सामना चालू असताना येते. भारताने सुरुवात दणक्यात केली आणि भाव ४० पैशांवर आला. आता तोच माणूस १२८५ रुपयांची खाई करतो. भारत जिंकला तर ८०० येतात, ५१४ जातात. हरला तर १२८५ येतात, हजार जातात. दोन्हीकडून सुमारे २८५ रुपये सुटतात, त्यातून अडत वजा. निकाल कोणताही लागो. कापसाचा सटोडिया सौदा कापून बाहेर पडायचा तो असाच. आणि तार ज्याच्या हाती आधी पडेल तो जसा पुढे असायचा, तसाच आज मैदानात बसलेला माणूस टीव्ही पाहणाऱ्याच्या काही सेकंद पुढे असतो. म्हणून चालू सामन्यातली पैज एक्सचेंज काही सेकंद रोखून मगच स्वीकारतं.

इथवर यंत्रणा चोख आहे. पण गावातल्या मोबाइलवर जे पोचतं ते बहुतेकदा एक्सचेंज नसतंच. एजंट एक ‘आयडी’ देतो, रोख घेऊन पॉइंट भरतो. पडद्यावर लगाई-खाईचे भाव परदेशी एक्सचेंजसारखेच हलतात, पण पलीकडे दुसरा खेळाडू नसतो. तिथे असतो एजंट, त्याच्यावरचा एजंट आणि त्याच्यावरचा मालक. तुमचं नुकसान हीच त्यांची कमाई, आणि ती ठरलेल्या टक्क्यांनी वर वाटली जाते. निकालापर्यंत पैसे राखून ठेवणारा तटस्थ तिसरा कुणीच नसतो. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार दिली. तपास गोंदियापर्यंत गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. १८६७ ने कौशल्याला दिलेली सूट या नव्या कायद्यात नाही.

बंदी आवश्यकच होती. पण वर्ध्यातून पाहिलं की चित्राची दुसरी बाजूही दिसते. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत वर्धा होता. इथल्या शेतकऱ्याची भावाची जोखीम १८६५ इतकीच खरी आहे. ती उतरवायची सोय मात्र त्याच्या हाताला लागत नाही. कापसाच्या वायद्याचा एक लॉटच शेकडो क्विंटलच्या हिशेबातला असतो, दोन-चार एकरवाल्याचा तिथे पाड लागत नाही. सोयाबीन हे जिल्ह्याचं दुसरं मोठं पीक. सट्टेबाजीने भाव भडकतात या धास्तीपोटी डिसेंबर २०२१ मध्ये त्याचे वायदे सेबीने थांबवले, आणि ती स्थगिती पुढे पुन्हा पुन्हा वाढली.

म्हणजे ज्या बापाच्या डोक्यावर खरी जोखीम आहे, त्याला ती विकायला बाजार नाही. त्याच्या पोराला कसलीच जोखीम नव्हती. ती विकत देणारा बाजार मात्र त्याच्या खिशात, चोवीस तास उघडा. दोन्हीकडे भाव तसाच हलतो, फरक तसाच मोजला जातो. एकात शेवटी गाठ असते, दुसऱ्यात नसते. दीडशे वर्षांत कायद्याने दुसऱ्याला बंद करण्याचे उपाय बरेच शोधले. पहिला लहान शेतकऱ्याच्या मापाचा करण्याचं काम अजून बाकी आहे.