कुंपणच शेत खातं तेव्हा

“आमचे आजोबा जन्मभर राखुंडीनं दात घासायचे आणि ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खायचे. मग दोन वेळा ब्रश करणाऱ्या माझेच दात चाळिशीत का हलतात?” दंतवैद्य म्हणून हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला आहे. पूर्वी मी मनात म्हणायचो, ‘नीट घासत नसाल!’ श्रीलंकेतल्या चहामजुरांची हकिगत वाचल्यापासून तसं म्हणवत नाही.

हाराल्ड लोए हे मूळचे नॉर्वेचे दंतसंशोधक. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या प्रयोगात त्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात बऱ्या झाल्या. दातांवरचा जंतूंचा थर हाच गुन्हेगार, असा निकाल लागल्यासारखं वाटलं.

मग १९७० मध्ये लोए आणि त्यांचे सहकारी श्रीलंकेच्या चहामळ्यांत गेले. तिथल्या ४८० मजुरांनी कधी ब्रश वापरला नव्हता, त्यांना दातांचा उपचार कधी मिळाला नव्हता. संशोधनाला ही गोष्ट सोयीची होती. मजुरांना ती कशी होती, हे शोधनिबंधात येत नाही आणि मला ते वाचताना खुपतं. १९८५ च्या अखेरच्या तपासणीला त्यांतले १६१ जण उरले होते. थर सगळ्यांच्या दातांवर, सूज सगळ्यांच्या हिरड्यांना. पण ८ टक्के लोकांचे सगळे दात पंचेचाळिशीपर्यंत गेले होते. ८१ टक्क्यांची झीज मध्यम होती. आणि ११ टक्क्यांचा आजार सुजेच्या पुढे गेलाच नव्हता!

जंतू तर सगळ्यांच्याच तोंडात. मग फरक कुठला? संशय शरीरावर येतो. त्याचा एक धागा अमेरिकेतल्या संशोधकांना १९७२ मध्येच सापडला होता. त्यांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवल्या आणि त्यांना दातांवरच्या थरातली द्रव्यं दिली. पेशींनी सोडलेल्या द्रवात उंदराच्या हाडाचा तुकडा ठेवला, तर हाड झिजू लागलं. म्हणजे हाड खाण्याची आज्ञा आपलेच शिपाई देत होते. थर दाताला घट्ट चिकटलेला असतो, हटत नाही, म्हणून लढाई संपत नाही. शिपायांनी सोडलेली रसायनं दाताला हाडाशी बांधणारे तंतू तोडतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात.

तेव्हा कुंपण काढून टाकावं का? छे! काही मुलांमध्ये पांढऱ्या पेशींमधला एक मुख्य प्रकार जन्मतःच फार कमी असतो. त्यांच्या हिरड्यांची दुर्दशा बालपणातच होते.

हल्ली तो प्रश्न आला की मी मधुमेहाची चौकशी करतो, तंबाखूची करतो. मग विचारतो, “आजोबांचं कळलं. आजीचे दात कसे होते?” ब्रशाचं शेवटी.