ब्लोडाइवेद
वेल्समधील केल्टिक पुराणकथांतील पुष्पनिर्मित स्त्री. तिची कथा ‘मॅबिनोगी’ या मध्ययुगीन वेल्श कथाचक्राच्या चौथ्या शाखेत येते. मानवी पत्नी लाभू नये, असा मातेचा शाप असलेल्या ल्यूसाठी मॅथ व ग्विडिअन या मांत्रिकांनी ओक इत्यादींच्या फुलांपासून तिला निर्मिले. तिची संमती विचारली गेली नाही. पुढे ग्रोनूवर अनुरक्त होऊन तिने पतिवधाचा कट रचला आणि शिक्षा म्हणून तिला घुबड करण्यात आले. शार्लट गेस्टच्या इंग्रजी भाषांतरामुळे (१८३८–४९) ही कथा वेल्सबाहेर पोहोचली. ॲलन गार्नरच्या ‘द आउल सर्व्हिस’ (१९६७) या किशोरांसाठीच्या कादंबरीत हाच प्रेमत्रिकोण एका वेल्श खोऱ्यातील तीन किशोरवयीनांत पुन्हा उद्‌भवतो. तथापि तेथे घुबडांऐवजी फुले पाहिली जाताच अनर्थ टळतो. मूळ कथेने दिलेली शिक्षा कादंबरीने अशा प्रकारे नाकारली आहे.