डेम्लो : रेल्वे स्थानकाच्या नावाची सतरा अंकी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१.

डावीकडून वाचा वा उजवीकडून, ही संख्या तीच राहते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. त्यांतील सतराव्या, 'मध्य' नावाच्या स्थानावर हिचा पहिला अंक बसतो.

१११११११११ चा हा वर्ग. गुणाकार पाटीवर मांडून पाहावा. फक्त १ असलेल्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा नऊपर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. कोठेही हातचा येत नाही, सौंदर्याचे रहस्य एवढेच. दहावा १ जोडला की मधली बेरीज दहा होते, हातचा पुढे सरकतो आणि वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गडप!

डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. या कुळातील संख्यांना त्यांनी 'डेम्लो' म्हटले. डेम्लो म्हणजे जी. आय. पी. रेल्वेवरील स्थानक, आजचे डोंबिवली; तेथे त्यांना ही कल्पना सुचली. त्यांचे लक्षण असे : संख्येचे डावे व उजवे टोक मिळवले की मधलाच अंक पुन्हा पुन्हा यावा. येथे १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये उभा ९.

आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या म्हणजे 'हर्षद', हे नावही कापरेकरांचेच. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१. भागून पाहिल्यास उत्तर येते १२३४५६७९ चा वर्ग. म्हणजे ती हर्षदही आहे. (८ येथेही नाहीच.)

हा छंद दख्खनला नवा नव्हता. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यातील गुणाकाराच्या उदाहरणांत १२३४५६५४३२१ ही संख्या येते, आणि तिचे वर्णन एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी असे आहे. ते वर्णन आजही चपखल वाटते, कारण दशमान स्थानपद्धती तेव्हा पुरती रुळली होती. अशा गुणाकारांना त्यांनी कंठातील अलंकाराची उपमा दिली.

महावीराचार्यांनी ग्रंथारंभी राजाची स्तुती केली आहे. कापरेकरांना असा आश्रय नव्हता. पदव्युत्तर पदवीही नव्हती. 'अंकांचे खेळ' म्हणून या कामाला हसणे सोपे होते, पण ते अन्यायाचे आहे. हातचा नेमका कोठे येतो आणि रचना का मोडते, हा प्रश्न गणिताचाच आहे. १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात डेम्लो संख्यांवरील त्यांचा लेख आला. जगभरच्या वाचकांपुढे मात्र त्यांचे नाव मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरातून पोहोचले. तेव्हा त्यांना निवृत्त होऊन १३ वर्षे झाली होती.