वीतभर अंतरावरचे डॉक्टर

कोरोनात सगळ्यांना सांगत होते, दोन हात लांब राहा. नाक-कान-घशाचा डॉक्टर लांब राहणार कसा? विषाणूचा मुक्काम नाकात अन् घशात, आणि यांचं तोंड पेशंटपासून वीतभर. दुर्बीण घातली की शिंक-खोकला आलाच. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये कोरोनाने गेलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी अमजद अल-हवरानी हे ईएनटी सर्जनच होते.

उपचार करणाऱ्यालाच लागण, ही गोष्ट जुनी आहे. पुण्याच्या प्लेगात डॉ. यशवंत फुल्यांनी गावाबाहेर माळावर दवाखाना काढला. तिथे पेशंट आणताना सावित्रीबाईंना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुढे १९०५ मध्ये यशवंतरावही प्लेगनेच गेले. साथरोग कायदा १८९७ च्याच फेब्रुवारीतला. चार कलमं, पण डॉक्टरला लागण झाली तर काय, यावर एक ओळ नाही!

मे २०२१ मध्ये याच कायद्याखाली म्युकर नोंदवायचा आजार ठरला. बुरशी एकाची दुसऱ्याला लागत नाही. पण पेशंट नुकताच कोरोनातून उठलेला, आणि सायनसमधलं सडलेलं काढायचं म्हणजे तासन्‌तास नाकातच काम. बरं झालं, १६ जानेवारीपासून लस आधी आरोग्य कर्मचाऱ्यांनाच दिली होती.

केंद्राचा ५० लाखांचा विमा आला २०२० मध्ये, पण खासगी डॉक्टरला सरकारने कोविड ड्युटीवर घेतलं असेल तरच. म्हणजे तेव्हा यवतमाळच्या मेडिकलमधला डॉक्टर विम्यात होता, आणि पुसद-वणीत स्वतःच्या दवाखान्यात तसंच नाक तपासणारा बाहेर होता. आपल्या आमदार-खासदारांपैकी कोणी हे विचारलंय का?