आवाज छातीतून, हुकूम डोक्यातून

आज जाऊया इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या रोममध्ये. तिथला वाद असा होता की माणसाचं मन राहतं कुठे, छातीत की डोक्यात?

आपणही गोष्टी 'छातीठोकपणे' सांगतो, 'मी' म्हणताना हात छातीवर जातो. ग्रीक तत्त्वज्ञ ख्रिसिपस तर याला पुरावाच मानायचा. त्याच्या स्टोइक पंथाचं म्हणणं साधं होतं. बोलणं विचारातून येतं, आवाज छातीतून निघतो, म्हणजे मनही छातीतच.

मग आला गेलन. जन्म इ.स. 129, गाव पर्गामम, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बर्गामा. तिथे तो ग्लॅडिएटर्सचा वैद्य होता, नंतर रोमला आला.

आता थोडं शरीर समजून घेऊ. बरगडीच्या खालच्या कडेलगत एक मज्जातंतू जातो. बरगड्यांमधल्या स्नायूंना तो हलवतो, आणि जोरात ओरडायला हे स्नायू लागतातच. गेलनने जिवंत डुकराच्या या तंतूंखालून बारीक दोरे ओवले. दोरे आवळले, की केकाटणारं डुक्कर गप्प! सैल केले, की पुन्हा केकाटणं सुरू. श्वास मात्र चालूच, कारण छातीखालच्या पडद्याचे तंतू मानेतून येतात.

मला आवडतं ते दोरा सोडणं. तंतू नुसता कापला असता, तर 'जखमेमुळे गप्प झालं' म्हणायला जागा होती. आवाज परत आला आणि ती पळवाटच बंद झाली. हृदयाला तर हातही लावला नव्हता. हे तंतू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून निघतात, आणि तो मेंदूला जोडलेला. म्हणजे छाती फक्त भाता, हुकूम वरून.

बोएथस नावाच्या बड्या रोमन माणसाने हा प्रयोग ठेवला, तेव्हा दमास्कसचा अलेक्झांडर आधीच अडला: मुळात डोळ्यांवर विश्वास ठेवायचा का? गेलन चिडून निघून गेला. नंतर इतर विद्वानांसमोर त्याने तो करून दाखवलाच.

एक गोष्ट विसरू नका. तेव्हा भूल नव्हती. या ज्ञानाची किंमत त्या मुक्या जनावराने मोजली.

आज छातीतलं पाणी काढताना डॉक्टर सुई बरगडीच्या वरच्या कडेलगत घालतात, कारण खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि तोच तंतू असतो. भेटू पुढच्या भागात!