देवद्रव्य, बांधकाम आणि कंत्राटदाराचे दावे : एक ऐतिहासिक मागोवा

बिकानेर येथील भांडासर जैन मंदिराविषयी एक आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पाचवे तीर्थंकर श्री सुमतिनाथ भगवान यांचे हे भव्य मंदिर भांडाशाह ओसवाल या व्यापाऱ्याने उभारले. पंधराव्या शतकात आरंभिलेले हे काम सोळाव्या शतकाच्या प्रारंभी पूर्णत्वास गेले, असे मानले जाते. बांधकामाची बोलणी करण्यासाठी सूत्रधार शेठजींकडे आला, तेव्हा तुपात पडलेली माशी शेठजींनी काढली आणि तिला लागलेले तूप वाया जाऊ नये म्हणून ती आपल्या जोड्यावर पुसली. हा कंजूस मनुष्य मंदिर काय बांधणार, असे सूत्रधाराच्या मनात आले. परीक्षा पाहावी म्हणून त्याने सांगितले, की पाया मजबूत व्हावयाचा तर त्यात ४० हजार किलो तूप ओतावे लागेल. दुसऱ्या दिवशी तूप हजर झाले. सूत्रधार वरमला आणि आपण केवळ परीक्षा पाहत होतो अशी त्याने कबुली दिली. मात्र धर्मकार्यासाठी दिलेली वस्तू परत घेणार नाही, असे म्हणून शेठजींनी ते तूप पायातच ओतविले.

या कथेत भांडाशाहांच्या औदार्याचे कौतुक होते व ते यथार्थच आहे. तथापि व्यवहाराच्या दृष्टीने पाहिल्यास सूत्रधाराची मागणी निराधार होती आणि तरीही मालकाने ती पुरविली. त्यांना हे शक्य झाले, कारण तूप त्यांच्या स्वतःच्या घरचे होते. आज विश्वस्त मंडळाच्या हाती जे असते ते देवद्रव्य, ज्ञानद्रव्य वा साधारण खात्यातील द्रव्य असते. शेकडो कुटुंबांनी बोलीतून, भंडारातून, पोटाला चिमटा घेऊन दिलेला तो पैसा असतो. स्वतःच्या खिशातून कंत्राटदाराला दोन पैसे अधिक देणे हे औदार्य ठरेल. देवद्रव्यातून अवाजवी रक्कम देणे हा विश्वासभंग होईल. म्हणूनच बांधकाम करविणाऱ्याचे अवाजवी दाव्यांपासून रक्षण कसे होत गेले, हा इतिहास प्रत्येक धर्मादाय संस्थेने जाणून घेण्यासारखा आहे.

ठोक रकमेचा करार

एकोणिसाव्या शतकात रेल्वे, पूल व गोद्यांची प्रचंड कामे निघाली आणि मालक, अभियंता व कंत्राटदार असे तीन पक्ष स्पष्टपणे वेगळे झाले. त्याबरोबर दाव्यांचे प्रश्नही न्यायालयात येऊ लागले. ब्राझीलमधील साओ पावलो रेल्वेचे प्रकरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. कंत्राटदाराने ठरावीक ठोक रकमेत लोहमार्ग बांधून देण्याचे मान्य केले होते. प्रत्यक्षात मातीकाम अभियंत्याच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट निघाले. अभियंत्याने जादा पैसे मिळतील असे तोंडी आश्वासनही दिले होते. तथापि १८७३ साली इंग्लंडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. पूर्ण मार्ग बांधून देण्याची जोखीम कंत्राटदाराने पत्करली होती आणि करार बदलण्याचा अधिकार अभियंत्याला नव्हता, हा त्या निर्णयाचा आशय होता.

लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाबाबत १८७६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने असाच निर्णय दिला. पाण्यातील कामासाठी नकाशात दाखविलेल्या लोखंडी पेट्या निरुपयोगी ठरल्या व कंत्राटदाराचा खर्च वाढला. नकाशाप्रमाणे काम होईलच अशी हमी मालकाने दिली आहे असे गृहीत धरता येणार नाही. काम घेण्यापूर्वी त्याची शक्याशक्यता कंत्राटदाराने तपासावयास हवी होती, असे ठरले. पुढे १९५६ साली फेअरहॅम येथील ७८ घरांच्या प्रकरणात आठ महिन्यांचे काम मजुरांच्या टंचाईमुळे बावीस महिने चालले. खर्च वाढला म्हणून करार संपुष्टात येत नाही, असे सांगून हाऊस ऑफ लॉर्ड्सने जादा रकमेचा दावा नामंजूर केला.

आपल्या महाराष्ट्रातील बोरघाटाचा इतिहास मात्र याची दुसरी बाजू दाखवितो. घाटातील लोहमार्गाचे काम विल्यम फेव्हिएल या कंत्राटदाराने १८५६ च्या आरंभी सुरू केले. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून कामगारांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी फेव्हिएलने काम सोडले. नंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल काही दिवसांतच मृत्यू पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने काम पुढे नेले व १८६३ मध्ये घाट रेल्वेला खुला झाला. कागदावर जोखीम कंत्राटदाराची असली तरी तो कोलमडला की काम मालकाचेच अडते आणि उपाशी मजूरच राहतो, हा धडा या घाटाने दिला.

भारतीय कायद्याची वाटचाल

भारतीय करार अधिनियम १ सप्टेंबर १८७२ पासून अमलात आला. त्यातील दोन कलमे बांधकाम करविणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावीत. मुदत हा कराराचा गाभा असताना मुदतीनंतर केलेले काम स्वीकारले आणि स्वीकारतानाच भरपाई मागण्याची सूचना दिली नाही, तर विलंबाची भरपाई नंतर मागता येत नाही, असे कलम ५५ सांगते. कलम ७० अन्वये, फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीररीत्या काम केले आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. बंगालमध्ये शासनाच्या पुरवठा खात्यासाठी एका कंत्राटदाराने विधिवत करार नसताना गोदाम बांधले. शासनाने ते वापरले. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात मोबदला देणे शासनास भाग पाडले. बांधकाम पाहावयास आलेल्या एखाद्या विश्वस्ताने सहज “येथे एक ओवरी वाढवा” असे म्हणणे किती महाग पडू शकते, हे यावरून कळावे.

मात्र जेथे स्पष्ट करार आहे तेथे करारातील दरच लागू होतात. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णीत केलेले अलोपी परशाद यांचे प्रकरण योगायोगाने तुपाचेच आहे. सैन्याला तूप पुरविण्याचा करार १९३७ साली झाला होता. महायुद्धामुळे परिस्थिती बदलली म्हणून ठरलेल्या दरांपेक्षा अधिक रक्कम मागण्यात आली व लवादाने ती मंजूरही केली. परिस्थिती कठीण झाली म्हणून करारातील दर बाजूला सारता येत नाहीत, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. भांडाशाहांच्या पायात जिरलेल्या तुपापासून या तुपापर्यंतचा प्रवास हा शब्दाच्या व्यवहाराकडून कागदाच्या व्यवहाराकडे झालेला प्रवास होय.

लवादाचा मार्ग

वाद लवकर व अल्प खर्चात मिटावेत म्हणून १९४० चा लवाद कायदा आला. प्रत्यक्षात त्या कायद्याखालीही वर्षानुवर्षे कज्जे चालत राहिले. गुरुनानक फाउंडेशन या संस्थेच्या बांधकामाच्या कंत्राटावरून उद्भवलेल्या प्रकरणात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने या दिरंगाईबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. त्या काळी लवादाने कारणे न देता एकच एकत्रित रक्कम मंजूर केली, तरी ती सहसा टिकत असे. करारात तशी अट नसेल तर कारणे देणे बंधनकारक नाही, असे १९८९ साली घटनापीठानेही मान्य केले. कोणत्या दाव्यापोटी किती रक्कम दिली, हेच मालकाला कळत नसे.

१९९६ च्या कायद्याने हे बदलले. उभय पक्षांनी अन्यथा ठरविले नसेल तर निवाड्यात कारणे देणे आता आवश्यक आहे आणि लवादाला कराराच्या अटी विचारात घ्याव्या लागतात. २०१५ च्या दुरुस्तीने निवाड्यास बारा महिन्यांची मर्यादा घातली. २०१९ च्या दुरुस्तीने देशांतर्गत वादांत ती कैफियती पूर्ण झाल्यापासून मोजण्याचे ठरले.

हे नियम एकट्या मालकाच्याच बाजूचे आहेत असे कोणी समजू नये. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने करारात नसलेले भाववाढीचे सूत्र परिपत्रकाद्वारे एका कोरियन कंपनीवर लादले, तेव्हा २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. एका पक्षाच्या मर्जीने करार बदलता येत नाही, हे तत्त्व दोन्ही पक्षांस सारखेच बांधते.

विश्वस्तांचे कर्तव्य

महाराष्ट्रातील संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. त्याखालील १९५१ च्या नियमांत लेखापरीक्षकाच्या अहवालासाठी एक बोलका प्रश्न घातला गेला : ५,००० रुपयांहून अधिक खर्चाच्या दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागविल्या होत्या काय? अवाजवी दाव्यांविरुद्धची पहिली तटबंदी कामाचा पहिला दगड बसण्यापूर्वीच उभारावयाची असते, हे त्या नियमकर्त्यांनी ओळखले होते.

इतिहासातून निघणारे व्यवहारसूत्र कठीण नाही. कामाची व्याप्ती, दर व मुदत स्पष्ट लिहावी. जादा कामाचा हुकूम एकाच अधिकृत व्यक्तीने व लेखीच द्यावा आणि त्याचा दर आधी ठरवावा. पायासारखे पुढे झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी उभय पक्षांसमक्ष मोजून मोजमाप वहीत सह्या घ्याव्यात. जागा, नकाशे वा सिमेंट देण्यास संस्थेकडून उशीर झाला तर त्याचीही प्रामाणिक नोंद ठेवावी, कारण विलंबाचे बहुतेक दावे तेथेच जन्म घेतात. कंत्राटदाराच्या दाव्याच्या पत्राला वेळेवर लेखी उत्तर द्यावे. केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असली, तरी देणे लेखी कबूल केल्यास ती नव्याने सुरू होते. म्हणून कागदपत्रे जपून ठेवावीत.

शेवटी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. न दिलेली वस्तू घेणे म्हणजे अदत्तादान, असे आपला धर्म सांगतो. ज्याचे काम झालेच नाही त्याचे पैसे कंत्राटदाराने घेणे हे जसे अदत्तादान, तसेच मजुराने गाळलेल्या घामाचा न्याय्य पैसा संस्थेने खोट्या सबबीवर अडकवून ठेवणे हेही त्याच दोषात मोडते. मोजमाप वही दोघांचेही त्यापासून रक्षण करते. भांडाशाहांनी जोड्यावर पुसलेले थेंबभर तूप आणि पायात ओतलेले हजारो किलो तूप यांत विसंगती नाही. वाया काही जाऊ द्यावयाचे नाही आणि धर्मकार्यास काही कमी पडू द्यावयाचे नाही, हीच ती वणिकवृत्ती होय. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, पुढील पन्नास वर्षांत जी वास्तू उभी राहील तिच्या पायात ही वृत्ती असावी, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!