अणुइंधनाची पुनर्प्रक्रिया : धोक्याचे मूल्यमापन आणि तीन अपघात

वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढण्यासाठी इंधनाच्या कांड्या कापून नायट्रिक आम्लात विरघळविल्या जातात. अणुभट्टीत धातूच्या नळ्यांत बंदिस्त असलेले किरणोत्सारी द्रव्य येथे द्रवरूपाने टाक्या, नळ व झडपांतून वाहू लागते. भारतात ही प्रक्रिया १९६४ मध्ये ट्रॉम्बे येथे सुरू झाली. तिच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन करताना स्फोट, आग यांसारख्या संकटांचा विचार प्राधान्याने होतो. अपघातांचा इतिहास मात्र देखरेखीतील उणिवांकडे निर्देश करतो.

२९ सप्टेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघातील मायाक येथे पुनर्प्रक्रियेतून उरलेल्या द्रव कचऱ्याची टाकी फुटली. तिची शीतकरण व्यवस्था बंद पडली होती. पाणी आटले, क्षार तापले आणि रासायनिक स्फोट झाला. दहा हजारांहून अधिक लोकांना हलवावे लागले. गुप्त शहराचे नाव नकाशावर नसल्याने हा अपघात शेजारच्या किश्तिमच्या नावाने ओळखला जातो.

ब्रिटनमधील सेलाफिल्डच्या 'थॉर्प' प्रकल्पाचे उदाहरण अधिक बोलके आहे. येथे द्रावणाचे वजन करता यावे म्हणून टाक्या टांगत्या ठेवल्या होत्या. त्यांची आडवी हालचाल रोखणारी योजना रचनेतून वगळली गेली. परिणामी सततच्या हेलकाव्यांनी एक नळ तुटला. सुमारे ८३ घनमीटर द्रावण पोलादी अस्तराच्या कोठडीत साचले. त्यात सुमारे २० टन युरेनियम व १६० किलोग्रॅम प्लुटोनियम होते. कोठडीच्या तळातून घेतलेल्या नमुन्यांत युरेनियम आढळूनही कोणी पाठपुरावा केला नाही. कित्येक महिने चाललेली ही गळती एप्रिल २००५ मध्ये कॅमेऱ्याने केलेल्या पाहणीत उघड झाली. कोठडीने आपले काम चोख बजावले, म्हणून कोणालाही इजा झाली नाही. हेही नोंदविणे न्याय्य ठरेल. तरीही २००६ मध्ये न्यायालयाने पाच लाख पौंड दंड ठोठावला. नव्या प्रकल्पात गळती होणारच नाही, हा समज कर्मचाऱ्यांत रुजला होता, असे चौकशीत दिसून आले.

जानेवारी २००३ मध्ये कल्पाक्कम येथील पुनर्प्रक्रिया प्रकल्पात एक झडप निकामी होऊन तीव्र किरणोत्सारी कचरा सौम्य कचऱ्याच्या टाकीत उतरला. तेथील नमुना घेताना सहा कर्मचाऱ्यांना वार्षिक मर्यादेहून कितीतरी अधिक किरणोत्सर्ग सोसावा लागला. त्या जागी किरणोत्सर्गमापक बसविलेला नव्हता. नमुन्याची तपासणी झाली, तेव्हाच प्रकार लक्षात आला.